चिठ्ठीपुरतं पाप

"काय सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

मी उभी. ते खुर्चीवर. शनिवारची दुपार, चर्चच्या मागची खोली, आणि रांगेत आम्ही खेड्यांतल्या सात बायका आणि दोन म्हातारे. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या नावाने भाकर वाटून खायचा दिवस. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तपासणी होते. आपलं मन आपणच तपासायचं, जे पाप सापडेल ते मंडळीच्या वडिलांपुढे, म्हणजे पंचांपुढे, उभं राहून सांगायचं, मग शिक्का मारलेली गुलाबी चिठ्ठी मिळते. रविवारी दारात ती द्यायची. चिठ्ठी नसेल तर भाकरीचं ताट तुमच्यापुढून तसंच पुढे जातं. मास्तर हे मंडळीचे मोठे वडील. शाळेतून निवृत्त झाले, पण हजेरी घ्यायची सवय काही सुटली नाही.

"काई नाई सापडलं जी," मी म्हणाले.

खरंच नव्हतं सापडलं. रोवणीचे दिवस होते. सकाळी अंधारातून उठायचं, चूल, मग दिवसभर चिखलात वाकून दुसऱ्याचं धान लावायचं. पाप करायला सवड कुठे होती?

"काहीच नाही?" मास्तरांनी चष्मा खाली केला. मग रांगेकडे बघून म्हणाले, "बघा, आज आपल्याकडे एक निष्पाप बाई आली आहे. चला, सगळ्यांनी हिच्या पाया पडा."

रांग हसली. हसणाऱ्यांत माझ्याच गावची जिजा होती. तिचा नंबर माझ्यानंतर होता, तिला हसावंच लागलं.

"हा गर्व आहे, बाई. सगळ्यात मोठं पाप. बाहेर जा. पायरीवर बस. आठवलं की आत ये."

मी पायरीवर जाऊन बसले. पायरी ओली होती. एकेक बाई आत जायची, काहीतरी बोलायची, चिठ्ठी पदरात बांधून बाहेर यायची. जिजा माझ्याजवळून गेली तेव्हा कानाशी वाकली. "सांगून दे ना काई बी. म्या त सासूले शिवी देल्ली म्हून सांगतो दर खेपी."

तिची सासू मरून चार वर्षं झाली होती.

साडेपाचला शेवटची एसटी. घरी माझी रोशनी एकटी, सकाळपासून गुडघे धरून पडलेली. मी आठवत बसले. खरंच आठवत होते, खोटं नाही सांगत. कालचा दिवस, परवाचा दिवस. कुणाला वाईट बोलले का. कुणाचं काही उचललं का. पाच वाजत आले. मग मी एक पाप बनवलं.

आत गेले आणि म्हणाले, "शेजारच्या कोंबडीचे अंडे चोरले जी. चार."

चोरी मुद्दाम निवडली. ढिवराची बाई चोरी करते हे मास्तरांना लगेच पटेल असं वाटलं. पटलंही. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "बघ, आठवलं ना?" म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. चिठ्ठी दिली.

रविवारी मी बाकावर बसले. शेजारी मास्तरीणबाई होत्या, मास्तरांची बायको. त्यांनी आपली पर्स उचलली आणि दुसऱ्या बाजूला ठेवली. हसल्यासुद्धा माझ्याकडे बघून. घरी आल्यावर जिजाने मोबाइल दाखवला. मंडळीच्या ग्रुपवर आलं होतं की एका नवीन बहिणीला चोरीच्या सवयीतून सुटका मिळावी म्हणून सर्वांनी प्रार्थना करा. खाली हात जोडलेली चित्रं. मी मोजली नाहीत.

नवीन बहीण म्हणजे मी. माझा बाप्तिस्मा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

या वाटेला मी कशी लागले ते सांगते. आमचं गाव सावली तालुक्याकडचं. आम्ही ढिवर. तलावात मासोळी धरायची, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवायचं, असं आमचं. नवरा तापाने गेला तेव्हा रोशनी पाच वर्षांची. त्याच वर्षी तिची हाडं दुखायला लागली. दुखायची म्हणजे लेकरू अंगण उकरायचं, इतकी. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं सिकलसेल आहे. आईबापाच्या रक्तातून येतं, जात नाही, गोळ्या घ्यायच्या, पाणी पाजायचं, जास्त झालं की भरती करायचं.

वॉर्डात एक म्हातारी आया होती, ख्रिस्ती. तिची ड्यूटी संपली की ती रोशनीचे पाय चेपत बसायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी एकदा विचारलं, "तुमी काऊन करता हो एवढं? आमी कोन तुमचे?"

ती म्हणाली, "देवानं मले फुकट घेतलं बाई. म्या काई कमावलं नोतं. तोच हिसाब पुढं चालू हाय."

फुकट. या एका शब्दासाठी मी त्या देवाकडे गेले. मला आयुष्यात फुकट काही मिळालं नव्हतं. लेकीचं दुखणं सोडून. मी पोट भरायला गेले नाही, आजार जाईल म्हणूनही गेले नाही. लोक काय वाटेल ते म्हणोत. मला कुणीतरी न तपासता घेतलं, याच्यासाठी गेले. आया पुढच्या वर्षी वारली. तिच्याबरोबर तो शब्दही गेला. उरले मास्तर.

मास्तरांच्या मंडळीत दोन प्रकारची माणसं. जुनी घरं आणि नवीन विश्वासणारे. जुनी घरं म्हणजे तीन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. शिक्षक, नर्स, बँकेतले. त्यांच्या चिठ्ठ्या शुक्रवारीच घरपोच जायच्या. त्यांना कुणी रांगेत उभं करत नव्हतं. आम्ही कच्चे, म्हणून आमची तपासणी. एक म्हातारा त्या रांगेत वीस वर्षं नवीन होता. नवीन असतानाच मेला.

बायबलच्या वचनात आहे की माणसाने आपलं मन तपासावं आणि मग भाकर खावी. मला ते मान्य आहे. आजही मान्य आहे. पण स्वतःचं तपासावं असं आहे. दुसऱ्याचं तपासावं असं नाही. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं झालं नसतं. पण कुणाला विचारणार? विचारायचं तर मास्तरांनाच.

आणि मास्तरांनी तर वेगळंच सांगितलं. रोशनी दोनदा भरती झाली त्या महिन्यात ते म्हणाले, "इतकी प्रार्थना करूनही लेकराला आराम नाही, म्हणजे अडथळा कुठेतरी घरातच आहे. शोध."

मी शोधायला लागले.

हे कसं असतं ते ज्याने केलं नाही त्याला नाही समजणार. रोवताना शोधायचे. बाजारात मासोळी विकताना शोधायचे. शेजारणीची पोरगी दोरीवरच्या उड्या मारताना बघितली, आपली का नाही मारत असं वाटलं. सापडलं! हेवा. शनिवारी सांगितलं. चिठ्ठी मिळाली. मंगळवारी रोशनीचे खांदे दुखायला लागले. म्हणजे हे नव्हतं, दुसरं काहीतरी आहे. पुन्हा शोध. तलावाच्या मासोळीत माझा वाटा असतो हे एकदा सांगितलं, तर मास्तर ताडकन म्हणाले, "जाळं टाकण्याआधी तिथे देवीला नारळ फोडतात ना? तो वाटा तुझ्या घरात येता कामा नये." मी तलावावर जाणं सोडलं. आमच्या घरात मासोळी शिजेनाशी झाली. ढिवराच्या घरात! तरी रोशनीचं दुखणं होतं तिथेच.

मी भित्री झाले. हसायची भीती वाटायची. हसले आणि ते पाप निघालं तर? लेकीला जवळ घ्यायची भीती वाटायची. आपल्याच अंगातलं काही तिला लागत असेल तर? देव मला दिसायचा तो मास्तरांसारखा दिसायचा. खुर्चीवर. चष्मा खाली केलेला.

मला वाटत होतं हे सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात चाललंय.

एका दुपारी रोशनी तापलेली होती, कंबर धरून कण्हत होती. मी पाणी घेऊन गेले तर तिने उशाखालून शाळेची वही काढली. मागचं पान उघडलं. तिचं अक्षर सुंदर आहे. ओळीखाली ओळ. गृहपाठ केला नाही. आईवर रागावली. भात पानात टाकला. शेजारच्या ताईच्या फ्रॉकवर मन गेलं. प्रार्थनेत झोप लागली.

"हे काय व्हय?" मी विचारलं.

"माये पाप," ती म्हणाली. मग श्वास घेत म्हणाली, "अजून एक आठवलं आई. सांगू का? सांगतलं त थांबंल का दुखनं?"

चौदा वर्षांची पोर. मी तिला काय सांगणार होते? नाही म्हणावं तर सात वर्षं मी काय करत होते? हो म्हणावं तर ती सांगत जाणार, सांगत जाणार, आणि दुखणं थांबणार नाही. मी पाण्याचा गिलास तिच्या तोंडाला लावला. तिने सांगितलं. दुखणं थांबलं नाही. तिने पुन्हा पेन उचललं.

मी बाहेर येऊन दारात बसले. त्या दारात मी माझं खरं पाप पहिल्यांदा बोलले. मास्तरांपुढे नाही, कुणापुढेच नाही. मोठ्याने बोलले. आदल्या उन्हाळ्यात एकदा रोशनी दोन दिवस सारखी रडत होती, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आता ही गेली तरी चालेल. हिचंही सुटेल, माझंही. माझंही. हा शब्द मी गिळून ठेवला होता. अंडी चोरली म्हणून सांगता आलं मला. हे नाही सांगता आलं. रांगेत सांगायचं पाप हे नव्हतंच. हे माझ्या हाडातलं होतं.

बोलले आणि वाट बघत बसले. आता काहीतरी होईल. भिंत पडेल, नाहीतर आतून किंकाळी येईल.

काही झालं नाही. समोरून काशीराम भाऊ आले. हातात पळसाच्या पानांत बांधलेली पुडी, खालून पाणी गळतंय. काशीराम भाऊ आमच्या मासेमारी संस्थेचे जुने माणूस. तलाव आटत आला की सगळी घरं मिळून जाळं टाकतात, आणि मग वाटे पाडतात. ते काम त्यांचं. ते कसं होतं ते सांगायला हवं. घरं तेवढे ढीग जमिनीवर लावतात. काशीराम भाऊ ढिगांकडे पाठ करून उभे राहतात, तोंड पळसाच्या झाडाकडे. दुसरा माणूस एका ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि ते न बघता एका घराचं नाव पुकारतात. कोणता ढीग मोठा, कोणता बारका, कोणात मरळ आहे, त्यांना माहीत नसतं. जाळं कुणी ओढलं, कोण घरी झोपून राहिलं, हेही तेव्हा बघत नाहीत. विधवेच्या घराचं नाव येतं. लुळ्याचं येतं. ते पुकारलं की तो ढीग त्या घराचा, मग त्यावर कुणी बोलत नाही.

त्यांनी पुडी ओट्यावर ठेवली. "तुमचा वाटा, बाई."

"म्या आली नोती भाऊ तलावावर."

"दोन वर्सांपासून नाई येऊन राह्यले. मालूम हाय मले. वाटा दर खेपी पडून राह्यते, आज म्याच आनला."

"म्या तुमच्या देवीले हात बी नाई जोडत आता."

"नका जोडू."

"मंग वाटा कायचा?"

ते वैतागले. सकाळपासून पाण्यात उभे होते, भूक लागली असणार. "ओ बाई, मी पाठ करून नाव पुकारतो. पाठीले डोरे असते का? घर हाय तुमचं, नाव हाय. नाव हाय म्हून वाटा हाय. घ्याचा त घ्या, नाई त मांजरीले टाका. पन तो तुमचाच हाय." आणि ते गेले.

पुडीत झिंगे होते, एक रोहू, आणि एक बऱ्यापैकी मरळ.

देवाने मासोळी पाठवली असं मी म्हणत नाही. मासोळी काशीराम भाऊंनी आणली. ते दारू पितात, भांडतात, मागच्या वर्षी भावाशी कुंपणावरून हाणामारी केली त्यांनी. पण वाटा पाडताना तो माणूस पाठ करतो. आणि ज्या देवाने त्या आयेला फुकट घेतलं, तो काशीराम भाऊंपेक्षाही कोता? माझं नाव पुकारायच्या आधी तो मला रांगेत उभं करतो? माझं मन तपासायचं, ते मी तपासलं. तळापर्यंत गेले. तिथे जे होतं ते घाण होतं. आणि तरीही वाटा माझा होता. फुकट हा शब्द सात वर्षांनी मला परत मिळाला, मासोळीच्या वासासकट. मी ओट्यावर बसून रडले. राग आला म्हणून रडले. सात वर्षं!

मरळ शिजवली. रोशनीने दोन घास खाल्ले. दुखणं होतंच.

पुढच्या शनिवारी रोशनीचा नंबर होता. चौदा पूर्ण झाल्यावर प्रभुभोजनात घेतात, त्याआधी पहिली तपासणी. मी तिला नेऊ नये असं मला वाटत होतं. तीच म्हणाली, "मले तुयासंग याचं हाय." ती वही घेऊन आली होती. एसटीतून उतरताना तिला धरावं लागलं.

मी बसू द्या म्हणाले तिला. मास्तर म्हणाले, "देवापुढे उभं राहायचं असतं."

देवापुढे. खुर्चीवर तर तेच होते.

"बोल, बाळ. घाबरू नकोस. तुझ्यात काहीतरी असेल म्हणूनच देवाने असं रक्त दिलं. ते बाहेर काढलं की मोकळी होशील."

रोशनीने वही उघडली. "गृहपाठ," ती वाचायला लागली.

मी पुढे झाले आणि तिच्या हातातून वही घेतली. हे मी ठरवून केलं नाही. माझा हात गेला.

"नाई," मी म्हणाले. "माया लेकीचं तुमी नाई आयकाचं."

"काय?"

"तिचं रक्त माया रक्तातून आलं, न तिच्या बापाच्या. गडचिरोलीच्या डाक्टरनं सांगतलं. पापातून नाई आलं." माझा आवाज फाटला होता, पण थांबला नाही. "आन म्या अंडे चोरले नोते, मास्तर. कदीच नोते चोरले. चिठ्ठीसाठी खोटं सांगतलं. तेवढं एक पाप माया खातरीचं हाय. ते मले तुमी कराले लावलं."

खोलीत कुणी हसलं नाही. मास्तरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तू पवित्र ठिकाणी खोटं बोललीस."

"हो जी. बोलली. ते देवाले सांगून झालं."

"चिठ्ठी मिळणार नाही. तुला नाही, पोरीलाही नाही."

"मी मागतच नाई. एक सांगा मले. तुमची तपासनी कोन करते?"

ते उठून उभे राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी त्यांना उभं बघितलं. दाराकडे बोट केलं. "बाहेर."

आम्ही बाहेर आलो. वाटलं होतं जिजा तरी मागे येईल. ती आली नाही. दारातून मी वळून बघितलं, तर ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली होती. मी तिला दोष देत नाही. पण ते पाऊल मी विसरलेले नाही.

याला आता दीड वर्ष झालं. काही बदललं नाही. तपासणी चालू आहे. जिजाची सासू दर महिन्याला शिवी खाते. ग्रुपवरून मला काढलं. पाळक साहेब, आमचे पाद्री, चांगले आहेत, तरुण आहेत, ते म्हणतात थोडं थांबा, मी बोलतो, आणि बोलत नाहीत. रोशनी या पावसाळ्यात तीनदा भरती झाली. दुखायला लागलं की ती माझा हात धरते. मी काही करू शकत नाही. पाणी पाजते, गोळी देते, आयेसारखे पाय चेपते. मागच्या खेपेला ती म्हणाली, "आई, आता मी काई आठवत नाई. नुसतं दुखते." तिच्या नव्या वहीचं मागचं पान कोरं आहे. एवढंच माझ्या हातून झालं.

मी माझं मन तपासते. रोज तपासते, मास्तरांपेक्षा कडक. जे सापडतं ते ज्याला सांगायचं त्याला सांगते. भीती अजून गेलेली नाही. कधीकधी तो चष्मा दिसतो. मग मी पाठ करून उभा असलेला माणूस आठवते.

आणि प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही दोघी जातो. घरी बसा, दुसरं चर्च शोधा, असं पुष्कळ जण सांगतात. का शोधू? आम्ही पहिल्या बाकावर बसतो, मास्तरांच्या समोर. ताट येतं, आमच्यापुढे क्षणभर थांबतं, पुढे जातं. रोशनी ताठ बसते. मास्तर खाली बघतात. दर महिन्याला त्यांना तेवढं खाली बघावं लागतं.

उद्या पुन्हा तो रविवार आहे. आम्ही जाणार. चिठ्ठी आणणार नाही, मागणार नाही, दिली तरी घेणार नाही. आमची नावं पुकारून झालेली आहेत. त्या बाकावरून आम्हाला उठवायचं असेल तर मास्तरांनी यावं, सगळ्या मंडळीसमोर, आणि हाताला धरून उठवावं.